श्रीखंडाची पावती आणि शाळेचं बजेट : न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळाच्या सभासदांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

जानेवारीतल्या आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत श्रीखंडावर पस्तीस मिनिटं चर्चा झाली, ती तुम्ही विसरला नसाल. दिवाळीच्या जेवणाचं बिल ठरल्यापेक्षा ३१२ डॉलरनी जास्त आलं होतं आणि श्रीखंडाची पावती फाइलमध्ये नव्हती. खजिनदार बिचारे उभं राहून सांगत होते की दुकानदाराने ऐन वेळी निम्मं आम्रखंड दिलं, त्याचा दर वेगळा. मागून एक काका म्हणाले, "दर वेगळा असू दे हो, पावती कुठंय?" एका वहिनींनी डबे मोजले होते, त्यांचा आकडा तिसराच. शेवटी जमाखर्च "श्रीखंडाची बाब वगळून" मंजूर झाला. घरी जाताना गाडीत बरेच जण हसले असतील. मला मात्र त्या दिवशी आपल्या मंडळाचा अभिमान वाटला. सांगलीला आमचे अण्णा एका पतसंस्थेचे सचिव होते. सभेच्या आदल्या रात्री ते व्हाउचरची फाइल उशाशी घेऊन झोपायचे, कारण कोणता सभासद कुठलं पान काढायला लावील याचा नेम नसे.

आता दुसरी सभा सांगते. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे गावातल्या सगळ्या सरकारी शाळांच्या, बजेटची जाहीर सुनावणी होती, हायस्कूलच्या लायब्ररीत, संध्याकाळी सात वाजता. खुर्च्या शंभरेक मांडल्या होत्या. माणसं आली अकरा. त्यांतले चौघे शिक्षक संघटनेचे, दोघं बोर्डाच्या (शाळांचा कारभार बघायला निवडून दिलेल्या मंडळाच्या) सदस्यांच्या घरचे, आणि एक निवृत्त गृहस्थ, जे दर बैठकीला येतात आणि दर वेळी कृत्रिम गवताच्या मैदानावरच बोलतात. मराठी बोलणारी मी एकटी. सुपरिंटेंडंटनी, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, चाळीसेक स्लाइड दाखवल्या, पहिल्या दहा मुलांच्या फोटोंच्या. लोकांच्या प्रश्नांसाठी प्रत्येकी तीन मिनिटं होती आणि भिंतीवर उलटं मोजणारं घड्याळ. ते घड्याळ तीनदाच लागलं. मग नऊ-शून्यने बजेट मंजूर झालं आणि साडेआठला दिवे बंद झाले. शंभर मिलियन डॉलरच्या वरचा हिशेब, दीड तासात.

त्याच गावात आपल्या मंडळाची दीडशेच्या आसपास कुटुंबं राहतात. हे पत्र त्यांना आहे. आजूबाजूच्या गावांतल्या मंडळींनीही वाचायला हरकत नाही, तुमच्याकडे काही वेगळं चित्र असेल असं मला वाटत नाही.

आपण इतके गाफील का, याचं एक कारण एस्क्रो. घराच्या हप्त्यातच बँक करासाठी पैसे बाजूला काढते आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असं चार वेळा परस्पर गावाकडे भरते. आपल्याला येते ती नुसती माहितीची प्रत, "हे बिल नाही" असं वर छापलेली. ती सरळ ड्रॉवरमध्ये जाते. यंदा ती बाहेर काढून वाचा. काउंटी, गाव, वाचनालय, मोकळ्या जागा आणि शाळा अशा ओळी असतात, आणि शाळेची ओळ सगळ्यात जड असते. राज्याचं सरासरी मालमत्ता कराचं बिल २०२४ मध्ये पहिल्यांदाच दहा हजार डॉलरच्या पुढे गेलं, आणि त्यातला निम्म्याहून थोडा जास्तच भाग शाळांना जातो. गाव फक्त वसुली करतं आणि शाळेचा वाटा बोर्डाच्या हवाली करतं. कर वाढला की आपण मेयरच्या नावाने बोटं मोडतो, पण त्या ओळीवर मेयरची सहीच नसते.

अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांनी "आम्ही कुठे कर भरतो?" असं म्हणू नये. या राज्याच्या इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर भाड्याचा अठरा टक्के भाग मालमत्ता कर म्हणून धरतात. म्हणजे तुम्ही तो घरमालकामार्फत भरता, हे सरकारलाच मान्य आहे.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी दर एप्रिलमध्ये शाळेच्या बजेटवर मतदान व्हायचं. मग २०१० मध्ये कायदा झाला की शाळेच्या करात वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढ करायची नाही. त्यापाठोपाठ जानेवारी २०१२ मध्ये दुसरा कायदा आला : बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरमध्ये हलवा, आणि बजेट दोन टक्क्यांच्या आत ठेवलंत तर लोकांना विचारायची गरज नाही. जवळजवळ सगळ्या डिस्ट्रिक्टनी ती वाट धरली. निवडणुकीचा खर्च वाचला, एप्रिलमधली धुसफूस संपली. आणि बजेट हा शब्द गावातल्या गप्पांतून गेला.

दोन टक्के ऐकायला थोडे वाटतात. दहा वर्षं दर वर्षी दोन टक्के केले की बावीस होतात, हे तुम्हाला सांगायला नको, तुम्ही सगळे मुदत ठेवींच्या घरात वाढलेले आहात. शिवाय ही मर्यादा एकूण वसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. गावाने घरांचं फेरमूल्यांकन केलं आणि तुमचं घर शेजाऱ्यापेक्षा जास्त वधारलं, तर तुमची वाढ दोनाच्या पुष्कळ पुढे जाऊ शकते. मर्यादेला पळवाटाही आहेत, कायदेशीरच : आरोग्यविम्याचा वाढीव खर्च, वाढलेली पटसंख्या, आणि मागच्या तीन वर्षांत न वापरलेली वाढ, जिला "बँक्ड कॅप" म्हणतात. रोख्यांची कर्जफेड तर या हिशेबात धरतच नाहीत. नवं जिम बांधायला सार्वमत मंजूर झालं की त्याचा कर वेगळा बसतो. पात्र कामाच्या कर्जफेडीचा निदान चाळीस टक्के भाग राज्य उचलतं, म्हणून सार्वमताच्या पत्रकावर "राज्याचे पैसे सोडू नका" असं हमखास छापतात. उरलेले साठ कोण देणार, ते बारीक टायपात.

राज्याच्या मदतीचं गणित म्हणजे वेगळंच रामायण. थोडक्यात सांगते. २००८ च्या कायद्याने प्रत्येक डिस्ट्रिक्टला किती मदत मिळावी याचं सूत्र ठरलं. २०१८ मध्ये "एस-टू" नावाच्या कायद्याने ज्यांना सूत्रापेक्षा जास्त मिळत होतं त्यांचे पैसे सात वर्षांत टप्प्याटप्प्याने कापले आणि ज्यांना कमी मिळत होतं त्यांना वाढवले. टॉम्स रिव्हर आणि जर्सी सिटीसारख्यांना मोठा फटका बसला, पटसंख्या फुगलेल्या उपनगरांना फायदा झाला. त्यात करोनाच्या काळात वॉशिंग्टनहून आलेल्या पैशाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली. त्या पैशातून ज्यांनी कायमच्या जागा भरल्या, त्यांना आता पगार कुठून द्यायचा हा प्रश्न आहे. आपल्या डिस्ट्रिक्टने त्या पैशाचं काय केलं, हे मंडळातल्या किती जणांना माहीत आहे? मलाही शोधेपर्यंत नव्हतं. (जाता जाता : आपण इथे भरतो तो राज्याचा इन्कम टॅक्सही शाळांच्या पैशाच्या भांडणातूनच जन्मला. १९७६ च्या जुलैमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, विधिमंडळ पैशाची सोय करत नाही म्हणून, सार्वजनिक शाळाच बंद करायला लावल्या होत्या. आठवड्याभरात टॅक्स मंजूर झाला.)

आता मी हा विषय काढला की एक उत्तर नेहमी मिळतं. "अगं, शाळा चांगली आहे. मुलं चांगल्या कॉलेजात जातात. घराची किंमत चढतेय. उकरायचं कशाला?"

यावर मी रोझलिनची गोष्ट सांगते. हे गाव फार लांब नाही, लाँग आयलंडवर आहे. तिथलीही शाळा चांगली होती, फारच चांगली. मुलं मोठमोठ्या विद्यापीठांत जात होती, सुपरिंटेंडंट फ्रँक टसोन यांना पालक डोक्यावर घेऊन नाचत होते. २००२ मध्ये लक्षात आलं की पैशाचा कारभार बघणाऱ्या सहायक सुपरिंटेंडंट पॅमेला ग्लकिन यांनी डिस्ट्रिक्टच्या पैशावर घरची खरेदी केली आहे. बोर्डाला सांगण्यात आलं, अडीच लाख डॉलरचा घोळ आहे. ग्लकिननी पैसे परत भरले, नोकरी सोडली, आणि बोर्डाने पोलिसांना न कळवता प्रकरण मिटवलं. शाळेचं नाव खराब होईल, घरांच्या किमतीवर परिणाम होईल, हा विचार त्यामागे असणारच. गावाला काही कळलं नाही. २००४ च्या सुरुवातीला ही बातमी पहिल्यांदा छापली ती शाळेतल्या मुलांनीच चालवलेल्या "हिलटॉप बीकन" या वर्तमानपत्राने. मोठी वर्तमानपत्रं मागून आली. मार्च २००५ मध्ये न्यूयॉर्क राज्याचे हिशेब तपासणाऱ्या कंप्ट्रोलरचा अहवाल आला, तेव्हा आकडा निघाला १ कोटी १२ लाख डॉलर. लुबाडणाऱ्यांत टसोन स्वतःही होते. शाळेच्या पैशाने ते कॉन्कॉर्ड विमानातून लंडनला गेले होते. दोघंही तुरुंगात गेले.

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ही म्हण मी तेव्हापासून रोझलिनसाठीच राखून ठेवली आहे.

यात मला दोन गोष्टी खटकतात. पहिली, रोझलिनमध्ये दर मे महिन्यात बजेटवर मतदान व्हायचं, न्यूयॉर्कमध्ये अजूनही होतं. म्हणजे नुसतं मतदान असून भागत नाही. लोक एकूण आकड्याला हो किंवा नाही म्हणत होते, आणि पैसे जात होते ते व्हाउचरच्या पातळीवर. दुसरी, तिथे दर वर्षी ऑडिट होत होतं. ऑडिटर बाहेरचे होते, सही-शिक्का होता, आणि वर्षानुवर्षं कुणाला काही दिसलं नाही. पुढे न्यूयॉर्कने २००५ मध्ये कायदा करून बोर्डाच्या सदस्यांना पैशाचं प्रशिक्षण, अंतर्गत ऑडिट, ऑडिट समिती असं बरंच काही सक्तीचं केलं.

आणि न्यूयॉर्ककडे बोट दाखवून आपण सुटत नाही. आपल्याच राज्यात टॉम्स रिव्हरचे सुपरिंटेंडंट मायकल रिटाको विम्याच्या दलालाकडून लाच घेतल्याबद्दल २०१२ मध्ये सुमारे अकरा वर्षांसाठी तुरुंगात गेले. तेही गावात लोकप्रिय होते.

आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये कुणी चोर आहे असा माझा आरोप नाही. तसं एक अक्षरही मी बोललेली नाही, उद्या कुणी व्हॉट्सॲपवर तसं फिरवू नये. मी गेली बावीस वर्षं एका कंपनीत बिलं पास करण्याचं काम करते. खरेदीचा आदेश, माल मिळाल्याची सही आणि बिल, हे तीन कागद जुळले तरच चेक निघतो. माझ्या टेबलावरून जाणारी माणसं चोर नसतात, तरी मी तिन्ही कागद मागते. त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नाही.

ऑडिट म्हणजे काय, याबद्दल आपल्यात बराच गैरसमज आहे, म्हणून दोन वाक्यं. ऑडिटर नमुना म्हणून काही व्यवहार काढतो, नोंदी नियमाप्रमाणे आहेत का ते बघतो आणि ताळेबंद एकंदरीत खरं चित्र दाखवतो असा अभिप्राय देतो. प्रत्येक बिल तो बघत नाही, आणि खर्च शहाणपणाचा होता की उधळपट्टीचा हे सांगणं तर त्याचं कामच नाही. त्याला नेमतं आणि त्याची फी देतं ते बोर्डच. तेव्हा "ऑडिट क्लीन आहे" हे ऐकून सुटकेचा निःश्वास टाकू नका.

वाचायचं काय? सगळं वाचायला बसलात तर पंधरा दिवसांत कंटाळाल. वर्षाचा मोठा अहवाल असतो, दीडदोनशे पानी. तो अहवाल राहू द्या. त्याच्यासोबत एक पातळ पुस्तिका येते, ऑडिटरचा व्यवस्थापन अहवाल. ती उघडा, शेवटच्या पानांवर जा, शिफारशी वाचा. मागच्या वर्षीचीच शिफारस पुन्हा आली असेल तर तिच्यापुढे बहुधा तारका असते. आपल्या डिस्ट्रिक्टच्या पुस्तिकेत मला एक तारका दिसली. मुलांच्या नाटकाच्या तिकिटांचे, सहलींचे, केक विक्रीचे रोख पैसे वेळेवर बँकेत भरले जात नाहीत, असा शेरा. रक्कम किरकोळ. पण सलग दुसरं वर्ष. अण्णांच्या पतसंस्थेत असा शेरा दुसऱ्यांदा आला असता तर सभेत खुर्च्या उचलल्या गेल्या असत्या. कायद्याप्रमाणे ऑडिटरच्या शिफारशी जाहीर बैठकीत वाचून त्यांवर चर्चा करावी लागते. आपल्याकडे वाचल्या. चाळीस सेकंदांत. चर्चा झाली नाही, कारण कुणी काही विचारलं नाही, आणि त्या दिवशी माझ्या मुलीचा वाढदिवस असल्यामुळे मीही घरीच होते. रेकॉर्डिंग नंतर पाहिलं.

दुसरा कागद म्हणजे बिलांची यादी. दर महिन्याच्या बैठकीच्या अजेंड्याला ती जोडलेली असते, कुणाला किती दिले याची. तिच्यातले आकडे बघून घाबरू नका. ११-०००-२७० असं दिसलं तर ती बस, २३० म्हणजे वरच्या कार्यालयाचा खर्च, त्यात वकिलाची फीसुद्धा येते, २९१ म्हणजे कर्मचाऱ्यांचे विमे आणि निवृत्तीचे पैसे, १०० म्हणजे बाहेरच्या शाळांना दिलेली फी. सुरुवातीला २० असेल तर ते बहुतेक वेळा सरकारी अनुदान. दोन महिने वाचलंत की रेल्वेच्या वेळापत्रकासारखं तोंडपाठ होतं.

मी मागच्या हिवाळ्यात ती यादी वाचताना एकच बिल क्रमांक दोनदा पाहिला. तीच कंपनी, तेच बिल, रकमा वेगळ्या, तारीख एक. माझ्या धंद्यात हे दिसलं की पहिली शंका दुबार चेकची. मी बैठकीला गेले, नाव आणि गाव सांगितलं, तीन मिनिटांतलं दीड मिनिट वापरलं आणि विचारलं. डिस्ट्रिक्टचे पैशाचे व्यवहार बघणारे बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणाले, बघून सांगतो. आवाजात नाराजी होती. तीन आठवड्यांनी ईमेल आला : कॉपी यंत्रांच्या भाड्याचं एकच बिल दोन शाळांच्या खात्यांत विभागलं होतं. सोबत बिलाची प्रत. सगळं चोख होतं. मी आभार मानले. थोडी ओशाळलेही, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या महिन्यापासून यादीत अशा विभागलेल्या बिलांपुढे शाळेचं नाव येऊ लागलं. कुणी मुद्दाम सांगून केलं की आपोआप झालं, कल्पना नाही.

तिसरी गोष्ट वर्षातून एकदाच येते, म्हणून लक्षात ठेवायला सोपी. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. शिल्लक किती ठेवायची यावर राज्याची मर्यादा आहे : बजेटच्या दोन टक्के, किंवा अडीच लाख डॉलर, जे जास्त असेल ते. त्यावरची शिल्लक पुढच्या बजेटमध्ये घेऊन लोकांचा कर हलका करायचा. मात्र जूनच्या बैठकीत बोर्ड ठराव करून उरलेले पैसे भांडवली राखीव निधीत किंवा देखभालीच्या निधीत टाकू शकतं, आणि तिथे गेलेली रक्कम या मर्यादेत मोजत नाहीत. ठरावात "अमुक रकमेपर्यंत" एवढंच लिहिलेलं असतं. छप्पर गळत असेल, बॉयलर जुना असेल, तर असा निधी हवाच, सार्वमत घेऊन व्याज भरण्यापेक्षा तो केव्हाही परवडला. प्रश्न एवढाच की कुठलं छप्पर, कधी, किती. जूनमध्ये आपण सगळे पुण्या-मुंबईला जायच्या बॅगा भरत असतो. तो ठराव मंजूर व्हायला वीस सेकंद पुरतात.

हे सगळे कागद वेबसाइटवर असतात. बजेटचा सोप्या भाषेतला गोषवारा तर कायद्यानेच टाकावा लागतो. नसलेला कागद मागायचा असेल तर "ओप्रा"खाली, म्हणजे इथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली, अर्ज करा, सात कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं आणि ईमेलने प्रत मागवली तर सहसा पैसे लागत नाहीत. हा कायदा २००२ चा. महाराष्ट्राचा माहिती अधिकाराचा कायदाही त्याच साली आला, केंद्राच्या तीन वर्षं आधी. आपल्यातल्या किती जणांच्या वडिलांनी, काकांनी तिकडे दहा रुपयांचं तिकीट लावून ग्रामपंचायतीचे, सोसायटीचे कागद काढले आहेत! इथे तिकीटसुद्धा लागत नाही. मात्र २०२४ मध्ये इथला कायदा ढिला केला आहे. कागद चुकीने नाकारले म्हणून कोर्टात जाऊन जिंकलात तरी वकिलाची फी परत मिळणं आता पूर्वीइतकं सोपं राहिलेलं नाही. म्हणून अर्ज नेमका लिहा, तारखा आणि कागदाचं नाव घालून. भांडणाची वेळच येऊ नये.

"आम्ही एच-वनवर आहोत, आम्हाला मत नाही." खरं आहे, बोर्डाच्या निवडणुकीत मत फक्त नागरिकांना. पण तीन मिनिटं बोलायला पासपोर्ट लागत नाही. यादी वाचायला लागत नाही. ओप्राच्या अर्जावर व्हिसाचा रकाना नाही. आणि ज्यांच्याकडे मत आहे त्यांनी तरी काय दिवे लावलेत? बोर्डाचे सदस्य बिनपगारी काम करतात, रात्री अकरापर्यंत बसतात. आजकाल बऱ्याच गावांत त्यांत भारतीय वंशाचेही असतात. आपण त्यांच्यासोबत फोटो काढतो, गणपतीला आरतीचा मान देतो. बजेटबद्दल एकही प्रश्न त्यांना विचारत नाही.

एक विनंती मात्र कळकळीची. जाल तेव्हा शिक्षकांचे पगार आणि विशेष गरजांच्या मुलांचा खर्च यांवर घसरू नका. आपल्याच एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी कुणी लिहिलं, "एका मुलावर इतके हजार?" त्या ग्रुपमध्ये तशा मुलाची आई होती. तिने ग्रुप सोडला. तो खर्च कायद्याने द्यायचा आहे आणि तो दिलाच पाहिजे, त्यातला काही भाग राज्याकडून परत मिळतो. विचारायचंच असेल तर हे विचारा की परताव्याचे अर्ज वेळेवर गेले का, आणि अंदाजापेक्षा किती आले.

आणि एप्रिलच्या सुनावणीची वाट बघत बसू नका. तोवर सगळं ठरून गेलेलं असतं, कागद काउंटीच्या कार्यालयातून तपासून आलेले असतात. खरी वेळ मार्चची. सहसा फेब्रुवारीच्या शेवटी गव्हर्नरचं बजेटचं भाषण होतं, दोनेक दिवसांत प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या मदतीचा आकडा येतो, आणि मार्चच्या मध्यापासून पुढे कच्चं बजेट बोर्डापुढे मांडतात. त्या बैठकीला विचारलेला प्रश्न आकडा हलवू शकतो. नंतरचा इतिवृत्तात जातो.

माझा बेत असा आहे. येत्या मार्चमधल्या त्या बैठकीला निदान वीस जण जाऊ. त्याआधीच्या रविवारी माझ्याकडे जमू, चहा-पोहे माझे, यादीची छापील प्रत माझी, पेन्सिली तुम्ही आणा. प्रत्येकाने एकच खातं वाटून घ्यायचं : कुणी बस, कुणी वकील, कुणी राखीव निधी. एकाच विषयावर वीस जण बोलले तर ती झुंडशाही दिसते, आणि भिंतीवरच्या घड्याळाला तेवढंच निमित्त मिळतं. श्रीखंडाचे डबे मोजणाऱ्या वहिनी आल्याच पाहिजेत, त्यांना मी बसचं खातं देणार आहे. "पावती कुठंय" म्हणणाऱ्या काकांना मुलांच्या रोख पैशांचं. तारका पुन्हा लागली का, एवढंच त्यांनी विचारायचं.

माझ्या गाडीत सात माणसं बसतात. आधी सांगितलंत तर वाटेत घेईन.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक सभासद

ता. क. श्रीखंडाची पावती सापडली. खजिनदारांच्या कोटाच्या खिशात होती. आम्रखंडाचा दर खरंच वेगळा होता, पण डबेही दोन कमीच आले होते. दुकानदाराने ३६ डॉलर परत केले आहेत.